एक जूनची माणसं

तो रविवार होता, एक जून. मी शेवटची निर्धास्त हसले ती त्या दिवशी, म्हणून तो दिवस आधी सांगते.

सकाळच्या एसटीने मी सांगलीहून घरी आले होते. घर म्हणजे साखर कारखान्याच्या वसाहतीला लागून तात्यांनी बांधलेल्या तीन खोल्या. तात्या म्हणजे माझे वडील, दिनकर ऐतवडे. सदतीस हंगाम ते कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस ज्या दुमजली उंच बंद कढईत उकळून त्याची साखर होते तिला पॅन म्हणतात. आत दाणा कधी धरला आणि पॅन कधी उतरवायचा हे पॅनमन ठरवतो. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घेऊन ती दिव्यासमोर धरायची आणि बघायचं, एवढंच ते काम. पडद्यावर आकडे दाखवणारी यंत्रं आली, तरी कुठे अडलं की तात्यांनाच बोलावणं यायचं.

त्या दिवशी त्यांची थोरली बहीण, हौसात्या, शेजारच्या गावाहून आली होती. आई आमरस काढत होती. अकराच्या सुमारास एक माणूस केकचा खोका घेऊन दारात आला. खोक्यावर 'उत्तरा निवृत्तीसेवा' असं माझ्या कंपनीचं नाव होतं आणि खाली छापलं होतं, श्री. दिनकर ऐतवडे यांना एकाहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

हौसात्याने मला ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "ह्येचा कसला वाढदिस आज? कोयनेचा भूकंप झाला तवा ह्यो आठ दिसांचा हुता. आईनं सुपात घालून भाईर पळवलावता."

पुढची गोष्ट मी लहानपणापासून दहादा ऐकली होती. गावच्या शाळेत एकोणतीस पोरं होती. पट तीसचा झाला तरच दुसरा मास्तर मिळणार होता, आणि तपासणीला साहेब यायचे होते. हौसात्या शाळेत धाकट्या भावाला काखेला मारून जायची. गुरुजींनी त्याला तिच्या काखेतून उतरवून पाटीसमोर बसवलं आणि पटावर नाव लिहिलं. सहा वर्षं पुरी दाखवायला तारीख टाकली एक जून. तात्या तेव्हा साडेतीन वर्षांचे होते. दोन वर्षं पहिलीतच काढली. साहेबांच्या समोर त्यांनी पाटीवर काय केलं ते हौसात्याने या वेळीही सांगितलं, आईने तिला जेवायच्या वेळी नको म्हणून दटावलं, आणि तात्या शांतपणे म्हणाले, "पट भरला न्हवं? आजून काय पायजे तुमास्नी?"

आम्ही सगळे हसलो. केक हौसात्याने कापला. दुपारी मी आईच्या शेजारी चटईवर झोपले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत माझ्या टेबलावर बेकरीचं बिल सहीला आलं होतं. एक जूनला पोचवलेले केक, तीनशे बारा. त्यामागे मे महिन्यातल्या शेवटच्या दिवसांची बिलं होती. चार केक, सहा केक, पाच. मी सही केली, बिल बाजूला ठेवलं, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा हातात घेतलं.

आमचं काम काय होतं ते इथे सांगायला हवं. म्हातारपणासाठी किती साठवावं या प्रश्नाचं उत्तर पूर्वी कुणालाच देता येत नसे, कारण किती वर्षं जगायचं ते ठाऊक नसे. माणसं एक तर घाबरून नको इतकं राखून ठेवत आणि न भोगता जात, नाही तर आधीच खर्चून शेवटची वर्षं मुलांच्या तोंडाकडे बघत. मग रक्तावरून ते सांगणारी तपासणी निघाली. आपल्या प्रत्येक पेशीत जी जनुकांची लांबलचक साखळी असते, तिच्यावर मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक गट ठिपक्यांसारखे बसलेले असतात. वय वाढतं तसे हे ठिपके ठरावीक जागी बसतात, ठरावीक जागचे उठतात. काही हजार जागा वाचल्या की शरीर किती झिजलंय ते कळतं. त्याला शरीराचं वय म्हणायचं.

पण यंत्राला महत्त्वाचं वाटतं ते शरीराचं वय आणि कागदावरचं वय यांतलं अंतर. सत्तर वर्षांत सत्तर वर्षांइतकंच झिजलेलं शरीर पुढेही त्याच संथपणे झिजत जाणार. तेवढीच झीज सदुसष्ट वर्षांत झाली असेल, तर ते शरीर उतारावर पळत सुटलेलं आहे. दोन वर्षांच्या अंतरापर्यंत तो उतार असतो. त्यापलीकडे आलेख कड्यासारखा सरळ खाली जातो. असं का होतं ते नीट कुणाला कळलेलं नाही. लाखभर माणसांच्या रक्तावर आणि त्यांच्या मृत्यूच्या तारखांवर यंत्र ते शिकलं, आणि ते बरोबर निघतं. उरलेली वर्षं ते आकड्यात देतं. कशाने जाणार ते सांगत नाही. आम्ही सल्लागार त्या आकड्यात माणसाची पुंजी बसवून द्यायचो.

गेल्या डिसेंबरात मी तात्यांचं रक्त स्वतः कंपनीत दिलं होतं. शरीराचं वय बरोबर कागदाइतकं आलं आणि आकडा आला अठरा वर्षं. तात्यांनी आकडा कळावा असा पर्याय निवडला होता. तो त्यांच्या मोबाइलवर गेला तेव्हा ते खूश झाले होते. अठरा वर्षं म्हंजे अठरा हंगाम, असं गावभर सांगत फिरले. मी त्यांना अठरा वर्षांचा आराखडा करून दिला. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तिसऱ्या वर्षी धरलं होतं.

जन्मतारीख ओळखपत्रावरून आपोआप भरली गेली होती. मी तिच्यावरून नजर फिरवून 'बरोबर' असं दाबलं होतं.

यंत्रात एक चाचणीची सोय असते. एखादी नोंद बदलून, जतन न करता, निकाल काय येईल ते बघता येतं. मी जन्मतारीख बदलली. भूकंपाच्या आधी आठ दिवस. कागदावरचं वय अडीच वर्षांनी खाली आलं आणि पडदा क्षणभर कोरा झाला.

चौदा महिने, अधिक-उणे चार.

रक्त दिल्याला त्यातले सहा महिने होत आले होते. मी पडदा बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने चहा सांगू का विचारलं आणि मी सांग म्हटलं.

दुपारी मी आमच्या शाखाप्रमुख बाईंकडे गेले. एक जूनच्या तारखा खऱ्या नसाव्यात, त्या पिढीत शाळेचे मास्तर सरसकट तीच तारीख टाकत, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या की वरच्यांना कळवायला एक तरी पक्कं उदाहरण लागेल, खऱ्या तारखेसकट. ते मिळालं तर सगळ्यांची फेरतपासणी लावता येईल. तुझ्या बघण्यात आहे का कुणी, असं त्यांनी विचारलं. मी बघते म्हटलं. तात्यांची तारीख दुरुस्त केली असती तर त्याच मिनिटाला नवा आकडा त्यांच्या मोबाइलवर गेला असता. मी जागेवर येऊन बसले. तीनशे अकरा माणसं त्या दिवशी उरलेला केक खात असतील, असं वाटून गेलं.

माझ्यासारखी माणसं संकटात पुस्तकं काढतात. मीही काढली. मरणाबद्दल शहाण्या माणसांनी किती लिहून ठेवलं आहे ते मला माहीत होतं, पण त्यातल्या एकानेही वडिलांच्या फोनची रोज वाट बघितली नव्हती. तात्या मला रोज सकाळी आठला फोन करत. आठ वाजून दोन मिनिटं झाली की मी मोबाइल हातात घेऊन उभी राहायचे. फोन आला की त्यांचा आवाज नीट आहे का तेवढंच मी ऐकायचे, शब्द कानात शिरतच नसत. एकदा ते दोनदा म्हणाले, "अगं, मी काय इचारतोय?"

जुलैत मी त्यांना मिरजेला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. कंपनीची सवलत आहे असं खोटं सांगितलं. फिरत्या पट्ट्यावर पळवून झालं, छातीचा फोटो झाला, पोटाची सोनोग्राफी झाली, मेंदूचीही तपासणी करवून घेतली. सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारून शंभरी गाठाल म्हणून सांगितलं. तात्या म्हणाले, मशीन एकुणनव्वद म्हंतंय, तुमी उगं वाढवून सांगू नगा. डॉक्टर हसले. मी त्या स्वच्छ कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. त्यातला एखादा तरी कागद वाईट निघाला असता तर मला औषध आणता आलं असतं.

दर रविवारी मी घरी जायला लागले. ते गच्चीचा जिना चढताना मी खाली उभी राहायचे. दुपारी झोपले की चादर वर-खाली होते का ते दारातून बघायचे. आईला वाटलं मला सांगलीत एकटीला करमत नाही. तिने दोन स्थळंही सुचवून पाहिली.

सांगायचं ठरवून मी चार वेळा गेले आणि चार वेळा न सांगता परत आले. मी स्वतःला कारणं द्यायचे. आकडा म्हणजे शक्यता, अधिक-उणे चार महिने तर कंपनीच म्हणते, हौसात्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. सगळी कारणं खरी होती. तरीही सांगायचं म्हटलं की मला डोळ्यांसमोर फक्त त्यांचा चेहरा दिसायचा, ऐकत असतानाचा.

म्हणून मी अर्धवट काहीतरी केलं. आईचं ऑपरेशन तिसऱ्या वर्षापर्यंत थांबवायला नको, यंदाच करू, असं मी गणपतीत सुचवलं. निदान ती नीट चालताना त्यांना दिसावी, एवढाच माझा हिशेब होता. तात्या आराखडा घेऊन आले. माझ्याच सहीचा कागद होता. त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तूच आखून दिलंयस म्हणाले. आत्ता पैसे काढले तर पुढची वर्षं कमी पडतील, हेही मीच त्यांना शिकवलेलं होतं. मी देते म्हटलं. त्यावर त्यांनी मान हलवली. लेकीचा पैसा या घरात कधी शिरला नाही आणि ते असेपर्यंत शिरणार नव्हता.

दसरा झाल्यावरच्या रविवारी मी गेले तेव्हा आई गिरणीत गेली होती. तात्या सोप्यात बसून जुने बूट पुसत होते. सीमेपलीकडच्या एका खासगी कारखान्याला हंगामापुरता पॅनमन हवा होता. पगार चांगला होता, राहायला खोली देणार होते. नोव्हेंबर ते मार्च काम केलं की आईचे दोन्ही गुडघे होणार होते आणि आराखड्याला हातही लागणार नव्हता. त्यांनी हे सगळं मला इतक्या आनंदाने सांगितलं की मला त्यांच्याकडे बघवेना.

"जाऊ नका, तात्या."

"का गं?"

"दगदग होईल. पॅनचे जिने, जागरणं."

"अठरा हंगामांतला एक इकला म्हणून काय झालं? सतरा हाईत की."

मी नजर फिरवून दाराकडे बघायला लागले. त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. दिव्यासमोर पट्टी धरून बघावं तसं ते माझ्याकडे बघत राहिले, घाई न करता.

"येक इचारू का? तुझ्या मशीननं काय निराळं सांगितलंय का?"

बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती. मला तो आवाज अजून ऐकू येतो. तेवढ्या वेळात मी सांगू शकले असते. वाक्य तयार होतं, जूनपासून तयार होतं. ते ऐकून ते कदाचित हसले असते. कदाचित म्हणाले असते, बरं झालं कळलं, आणि उठून आईला आणायला गिरणीकडे गेले असते. कदाचित तरीही कामावर गेले असते, कारण पॅनवर ते जितके खूश असत तितके दुसरीकडे कुठेच नसत. त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही. ते त्यांनी ठरवायचं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं," असं म्हणून त्यांनी बूट परत उचलला.

नोव्हेंबरात ते कामावर गेले. सकाळचा फोन आता तिथून यायचा, मागे यंत्रांची घरघर असायची. पहिल्या पाकाचा दाणा कसा पडला, तिथली पोरं कशी नुसती पडद्याकडे बघत बसतात, जेवणात तिखट कसं नसतं, हे ते सांगत. माझ्या मुलीच्या मशीननं मला अठरा वर्षं दिली आहेत, हे तिथेही सगळ्यांना सांगून झालं होतं. डिसेंबर सरला. मला अधूनमधून, दिवसातून काही मिनिटं, वाटू लागलं की हौसात्याच चुकली असेल, भूकंपाच्या वेळी सुपात दुसरंच कुणीतरी असेल.

सतरा जानेवारीला आठ वाजून पाच मिनिटांनी फोन आला. त्यांच्याच मोबाइलवरून होता, म्हणून मी उचलताना हसतच बोलले. पलीकडे त्यांच्या पाळीतला फिटर होता. तात्या पॅनच्या जिन्यावर बसले होते, सहाच्या आसपास. दमले असतील असं सगळ्यांना वाटलं. पाक उतरवायची वेळ झाली तेव्हा त्यांना हाक मारली. पाक त्यांनी सांगितलेल्या वेळीच उतरवला, दाणा सुरेख पडला होता, असंही त्या बिचाऱ्याने मला सांगितलं. काय बोलावं ते त्याला कळत नसणार.

चौदा महिने फेब्रुवारीत भरत होते.

दिवसकार्यात जे लोक येत होते ते मला धीर देत होते. माझं काम सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे सगळे एकच बोलायचे. मशीन फसलं, पोरीचा काय दोष. हौसात्या मला जवळ घेऊन यंत्राला शिव्या देत होती. शाखाप्रमुख बाई भेटून गेल्या. जाताना हळूच म्हणाल्या की यंत्राच्या चुकलेल्या निकालांत याची नोंद होईल, हजारात एखादा असा निघतोच. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं. तीनशे अकरा जणांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. घरात आई आणि मी उरलो. आईने भाजी निवडायला घेतली, मी तिच्यासमोर बसले. तिचे पाय पुढे लांब केलेले होते, दुखतात म्हणून. कंपनीचे कागद कोपऱ्यात पडले होते. तात्यांच्या मागे उरलेली रक्कम आईच्या नावावर होणार होती, आणि त्यासाठी आईचा आकडा लागणार होता. ती त्या कागदांकडे बघून म्हणाली, "त्यात माजं रगात लागतंय म्हनत हुतीस न्हवं?"

मी हो म्हटलं. घाई नाही म्हटलं.

ती मेथीची पानं खुडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "कवा घ्यायचं ते घे. पर आकडा मला सांगू नगंस. त्यास्नी सांगितलास आन ते अठरा अठरा करत ऱ्हायले. मला ते नगं. तुज्यापाशी ठेव. तुला ठावं असलं म्हंजे बास. तू हायस की बगायला."

तिने हे इतकं सहज म्हटलं, कपाटाची किल्ली ठेवायला द्यावी तसं. आणि मला पुढचं सगळं दिसलं. मी बेकरीच्या बिलावर सही करेन. मी जिन्याखाली उभी राहीन. मी दारातून चादर बघेन. तिने विचारलं तर नाही म्हणेन. हौसात्या, तीनशे अकरा घरं, सगळे मला म्हणतील, पोरीचा काय दोष.

"आई," मी म्हटलं. माझा आवाज फार बारीक निघाला, म्हणून मी पुन्हा म्हटलं. "आई, ती भाजी ठेव जरा."

तिने वर बघितलं.

"मशीन चुकलं नव्हतं. मी त्यात चुकीची तारीख राहू दिली होती. खरी तारीख घालून बघितली तेव्हा तात्यांना चौदाच महिने होते, आणि ते मला जूनपासून माहीत होतं. तुझ्यापाशी ठेव म्हणतेस ना, तसा त्यांचा माझ्यापाशीच होता. ते कामावर निघाले तेव्हा त्यांनी मला इथे, सोप्यात, समोर बसवून विचारलं होतं, मशीननं काही निराळं सांगितलंय का. मला भीती वाटली, आई, आणि मी नाही म्हटलं."